नांव आणि पाणी

संपादक मंडळींनीं या ज्युबिली स्मरणिकेसाठीं आम्हांस कांहीं इतिहासपर लिहावयास सांगितलें, तेव्हां आम्हीं प्रथम स्नानसंस्काराची जुनी नोंदवही मागून घेतली. पिंवळीं पडलेलीं पानें, लॅटिन भाषेंतील रकाने आणि त्यांत आपल्याच वाडवडिलांचीं नांवें. पण तीं ओळखूं येण्यास वेळ लागतो. ज्यांस आम्हीं जन्मभर बाळूनाना म्हणून हाक मारली ते येथें जोसेफ आहेत. ठकूमावशी या मार्था आहेत. १९१७ च्या धर्मसंहितेचा नियमच तसा होता. बालकास ख्रिस्ती नांव दिलें जाईल हें धर्मगुरूंनीं पाहावें. आईबाप ऐकेनात तर त्यांनीं निवडलेल्या नांवास एखाद्या संताचें नांव जोडावें व दोन्ही नांवें वहींत नोंदवावीं. १९८३ च्या नव्या संहितेंत एवढेंच उरलें कीं, नांव ख्रिस्ती भावनेस विसंगत नसावें. या दोन नियमांच्या मधल्या काळांत जन्मलेली आमची पिढी घरांत एका नांवानें आणि वेदीपुढें दुसऱ्या नांवानें वाढली.

मग यांतील खरा मनुष्य कोणता? आमची समजूत अशी कीं, 'मी अमुक' ही जाणीव कोणी जन्मतः घेऊन येत नाहीं. लोक आपणांस काय म्हणून हाक मारतात, आणि कोणाच्या हातचें पाणी आपणांस मिळतें वा मिळत नाहीं, यांतून ती हळूहळू घडते. ज्या संस्कारांत नांव आणि पाणी हीं दोन्ही एकाच क्षणीं लाभतात, त्याचा अर्थ समजण्यास आपल्या मुलखांतील दोन हकीकती फार उपयोगी पडतील. त्या साताऱ्याशीं निगडित आहेत म्हणून सांगलीकरांनीं परक्या मानूं नयेत. आजचा सांगली जिल्हा १९४९ सालीं निराळा झाला तो 'दक्षिण सातारा' या नांवानें. सांगली हें नांव त्यास १९६० सालीं मिळालें. मुलखासहि आपली ओळख अशी सावकाशच सांपडते.

पहिली हकीकत एका विद्यार्थ्याची. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या सरकारी शाळेंत, जी पुढें प्रतापसिंह हायस्कूल म्हणून प्रसिद्धीस आली, नऊ वर्षांच्या एका मुलाचें नांव दाखल झालें: भिवा रामजी आंबेडकर. वडील सैन्यांतून निवृत्त झालेले सुभेदार. घराणें मूळचें कोंकणांतील आंबडव्याचें. त्याच शाळेंत आंबेडकर आडनांवाचे एक ब्राह्मण शिक्षक होते. ते आपल्या शिदोरींतील भाजीभाकर या मुलास रोज देत, असें डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढें स्वतः कृतज्ञतेनें सांगत. आडनांवहि त्यांच्यावरूनच आलें असें म्हणतात. परंतु त्याच शाळेंत या मुलास इतरांपासून दूर कोपऱ्यांत, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसावें लागे. तहान लागली तर नळास हात लावण्याची त्यास मनाई. शिपायानें नळ सोडला तर पाणी. शिपाई नसला तर पाणी नाहीं. एकाच इमारतींत ममतेची भाकर आणि बंद नळ! मनुष्य यांपैकीं कशानें घडतो असें कोणी विचारील, तर आम्ही म्हणूं कीं दोहोंनींहि.

पुढच्याच वर्षीं, १९०१ सालीं, सुटींत हीं मुलें खटाव तालुक्यांतील गोरेगांवीं नोकरीस असलेल्या वडिलांकडे निघालीं. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकांठी धोतरें. आनंदास पारावार नव्हता. आगगाडीनें मसूर स्थानकावर उतरलीं, तों न्यावयास कोणी आलेलें नाहीं. स्टेशनमास्तर प्रथम ममतेनें बोलले. मुलांनीं आपण महार असल्याचें सांगतांच त्यांची मुद्रा पालटली. एकहि गाडीवान त्यांस नेईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोहि अशा अटीवर कीं बैल मुलांनींच हांकावेत, तो पायीं चालेल. वाटेंत पाणी मिळालें तें शेणामुताचें. रात्रीं टोलनाक्यावर, गाडीवानाच्या सल्ल्यावरून, आपण मुसलमान आहोंत असें सांगून पाणी मागितलें. तरीहि तें मिळालें नाहीं. शिदोरी भरलेली असून मुलें उपाशी निजलीं, कारण घशाखालीं उतरवावयास पाणी नव्हतें.

या प्रसंगाचा ठसा आपल्या आयुष्यावर कायमचा उमटला असें बाबासाहेबांनीं लिहून ठेविलें आहे. शाळेंतला कोपरा त्यांस ठाऊक होताच. पण आपलें खरें नांव सांगितल्यानें गाडी मिळत नाहीं आणि खोटें सांगूनहि पाणी मिळत नाहीं, हें ज्ञान त्या रात्रींचें. १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनीं ओंजळभर पाणी उचललें, तेव्हां त्या ओंजळींत मसूरच्या वाटेवरची तहान नव्हती असें कोण म्हणेल?

दुसरी हकीकत अगदीं उलट टोंकाची, म्हणजे पाणी नाकारणाऱ्या बाजूस जन्मलेल्या एका बाईची. लक्ष्मीबाई टिळक यांच्या माहेरीं सोंवळें इतकें कडक कीं वडील बाजारांतून आलेलें मीठ आणि साखरसुद्धां धुवून घेत. पति नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां बाईंवर आकाश कोसळलें. पुढें त्या पतीजवळ राहूं लागल्या, तरी चूल आणि पाणी वेगळें. मग राहुरीस असतांना, देवानें माणूस निर्माण केला, जात नव्हे, असें त्यांच्या मनानें घेतलें आणि कोणाच्याहि हातचें पाणी त्या पिऊं लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. क्रम ध्यानांत घ्यावा: आधीं घागरीचें पाणी, मग संस्काराचें.

हें दांपत्य १९१७ च्या सुमारास साताऱ्यास येऊन राहिलें आणि टिळकांनीं 'देवाचा दरबार' येथेंच मांडला. ते आपल्या पंथाचे नव्हते, अमेरिकन मिशनच्या मंडळींतले होते, आणि अखेरीस त्या मिशनचाहि पाश त्यांनीं सोडला. ख्रिस्ती झालों म्हणून अभंग आणि कीर्तन कां टाकावें, हा त्यांचा प्रश्न होता. आपल्यांतील जेजुइट धर्मगुरु थॉमस स्टीफन्स यांनीं १६१६ सालींच ख्रिस्तपुराण ओंवीबद्ध करून, स्वर्गास 'वैकुंठ' म्हणून त्याचें उत्तर देऊन ठेविलें होतें. मध्यंतरीं आपणच तें विसरलों. टिळक १९१९ सालीं वारले व त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांचें दहन झालें. आपल्या धर्मसभेनें दहनास मोकळीक दिली ती १९६३ सालीं.

आतां आपल्याकडे वळूं. १९३८ च्या आरंभीं सोलापुरास ख्रिस्ती मंडळींपुढें बोलतांना बाबासाहेबांनीं प्रभु येशूविषयीं आदर व्यक्त केला, आणि सामाजिक अन्याय नाहींसा करण्यासाठीं ख्रिस्ती लोक झगडले नाहींत असा ठपकाहि ठेवला. तो बोल जिव्हारीं लागतो, कारण तो खोटा नाहीं. आम्हीं स्वतः लहानपणीं, एका धर्मग्रामांत (त्याचें नांव येथें घेत नाहीं), लग्नाच्या मांडवांत दोन घागरी पाहिल्या आहेत. सकाळीं मिस्सेंत सर्वांनीं एकच प्रभुभोजन घेतलें होतें. दुपारीं आमच्या वर्गांतला एक मुलगा जवळच्या घागरीकडे जाऊं लागला, तों कोणीतरी त्यास हांक मारून दुसरी दाखविली. हांक मारतांना त्याचें नोंदवहींतलें नांव कोणी घेतलें नाहीं. आम्हीं पाहत उभे होतों आणि ज्या घागरीस आम्हांस मज्जाव नव्हता तिचें पाणी प्यालों.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वयें अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध बांधव त्यांत आले, ख्रिस्ती आले नाहींत. या अन्यायाविरुद्ध आपण अर्ज करतों तें योग्यच. परंतु २०१६ सालीं भारतांतील महागुरुस्वामींनीं आपल्या दलितविषयक धोरणपत्रांत धर्मसभेच्या आंतहि अस्पृश्यता असल्याचें उघड कबूल केलें, त्या पानाचें वाचन किती धर्मग्रामांत झालें?

याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी बाईस पहिलें आश्चर्य वाटलें तें प्रभूच्या शिकवणीचें नव्हे, त्यानें तिच्याकडे पाणी मागितलें याचें.

ज्युबिलीच्या भोजनासाठीं मांडवांत पाण्याचा एकच मोठा पिंप ठेवावयाचा असें व्यवस्थापकांनीं ठरविल्याचें कळतें. पाणी वाढण्यासाठीं ज्या तरुणांनीं नांवें दिलीं आहेत, त्या यादींत आमच्या त्या वर्गमित्राचा नातू आहे. आम्हीं पहिला पेला त्याच्याकडेच मागणार आहोंत.