नांगर घडविणं आणि नांगर खपविणं

मुलाला इंजिनियर करावं की बी. कॉम.? हा प्रश्न आज घरोघर निघतो. पुण्यात इंजिनियरिंगचं शिक्षण १८५४ साली सुरू झालं. मुंबईचं सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय निघालं १९१३ साली. पण १९१० साली किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांजवळ दोहोंपैकी एकही पदवी नव्हती. त्यांनी लोखंडी नांगर घडविला, तर लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली! घडविणं ही एक विद्या, गिऱ्हाइकाला पटविणं ही दुसरी. तेव्हा मुलाचा ओढा यंत्राकडे आहे की हिशेबाकडे, हे पाहून पदवी निवडावी. दुसरी विद्या मात्र त्यानं कामावर शिकल्यावाचून सुटका नाही.