लिनक्स लॅपटॉपवर शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट चालत नाही? आधी ‘धाड’ लिहून बघा

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. तेव्हापासून आमच्या धाडमध्येही जुन्या लॅपटॉपवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून घेणारी पोरं वाढली आहेत. त्यातली बरीचशी आधी फक्त मोबाइलवर टाइप करायची. मग माझ्याकडे ठरलेला प्रश्न येतो : ‘दादा, शिफ्ट चालत नाही. कीबोर्ड बदलावा लागेल का?’

दर वेळी बदलावा लागत नाही. नवा कीबोर्ड बसवायला पैसे घालण्याआधी खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा.

मॉडिफायर की म्हणजे काय?

शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट आणि सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली की) या एकट्या दाबल्या तर अक्षर उमटत नाही. त्या दुसऱ्या कीचं काम बदलतात. इंग्रजीत शिफ्ट गेली तर कॅपिटल अक्षरं अडतात, बाकी काम निभतं. मराठीत तसं नाही. इनस्क्रिप्ट लेआउटमध्ये ख, घ, थ, ध, फ, भ, ण, ळ ही सगळी अक्षरं शिफ्टवर आहेत. ‘ऱ्या’मधला ऱ सुद्धा शिफ्टवरच. अर्जात नाव भरताना शिफ्ट दगा देत असेल तर नावच बदलून जातं.

पायरी १ : एका शब्दाची परीक्षा

कीबोर्ड सेटिंगमध्ये नावात ‘इनस्क्रिप्ट’ असलेला मराठी लेआउट जोडा आणि ‘धाड’ लिहा. त्यासाठी शिफ्ट धरून ओ, मग शिफ्ट सोडून ई, मग डावा चौकोनी कंस.

- ‘धाड’ आलं : शिफ्ट ठीक आहे.
- ‘दाड’ आलं : शिफ्ट लागतच नाही. अशा लॅपटॉपवर ‘बुलढाणा’चं ‘बुलडामा’ होईल.
- ‘धआढ’ आलं : शिफ्ट अडकून राहिली आहे, सुटत नाही.

डाव्या आणि उजव्या शिफ्टने वेगवेगळं करून बघा. एकच बिघडलेली असेल तर दुसरीवर आजचं काम भागतं.

पायरी २ : दोष कीमध्ये की सेटिंगमध्ये?

टर्मिनल उघडा, एक्स-ई-व्ही ही तीन इंग्रजी अक्षरं छोट्या लिपीत लिहा आणि एंटर दाबा. एक छोटी पांढरी खिडकी उघडेल. तिच्यावर क्लिक करून संशयित की दाबा. टर्मिनलमध्ये ‘की-प्रेस’ आणि सोडल्यावर ‘की-रिलीज’ अशा नोंदी यायला हव्यात. डाव्या शिफ्टचा कोड ५०, उजवीचा ६२, डाव्या कंट्रोलचा ३७, डाव्या ऑल्टचा ६४ असतो.

- दोन्ही नोंदी आल्या : की चांगली आहे, गडबड सेटिंगमध्ये.
- काहीच आलं नाही : बहुधा कीच बिघडली आहे.
- न दाबताही नोंदी येत राहिल्या : की आतून चिकटली आहे.

एफएन की दाबल्यावर इथे सहसा काहीच दिसत नाही. ती बहुतेक लॅपटॉपमध्ये आतल्या आतच हाताळली जाते, त्यामुळे तो बिघाड समजू नका.

खात्री हवी असेल तर लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप त्यावरून चालू करा. तिथे की चालली तर दोष तुमच्या सेटिंगचा आहे.

पायरी ३ : सेटिंगमधले नेहमीचे गुन्हेगार

*स्टिकी कीज.* ही सोय चालू असली की शिफ्ट एकदा दाबून सोडली तरी पुढच्या अक्षराला लागू होते. काही लॅपटॉपवर शिफ्ट लागोपाठ पाचदा दाबली की ती आपोआप चालू होते. ॲक्सेसिबिलिटीत जाऊन बंद करा. एका हाताने टाइप करणाऱ्याला मात्र ही फार उपयोगाची आहे.

*स्लो कीज.* की थोडा वेळ धरल्याशिवाय लागत नसेल तर हे बघा. जागा तीच.

*ऑल्टरनेट कॅरेक्टर्स की.* उबुंटूच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये इथे ‘लेफ्ट ऑल्ट’ निवडलेलं असेल तर ऑल्ट-टॅब चालणार नाही. ‘लेआउट डिफॉल्ट’ करा.

*उजवा ऑल्ट.* काही लेआउटमध्ये हा मुद्दामच वेगळा ठेवलेला असतो. ‘इंग्लिश (इंडिया, विथ रुपी)’ लेआउटमध्ये उजवा ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ येतं.

*कंट्रोल आणि एफएनची अदलाबदल.* थिंकपॅडसारख्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये या दोन कीज अदलून घ्यायचा पर्याय असतो. जुना लॅपटॉप घेतला असेल तर आधीच्या मालकाने तो बदललेला असू शकतो.

रिमोट डेस्कटॉप किंवा व्हर्च्युअल मशीनमधून बाहेर आल्यावर की अडकल्यासारखी वाटली, तर दोन्ही बाजूंच्या शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट एकेकदा दाबून सोडा. बहुतेक वेळा एवढ्यानेच सुटते.

पायरी ४ : की खरंच गेली असेल तर

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, उलटा धरून हलक्या हाताने धूळ झटका. चहा-पाणी सांडलं असेल तर चालू न करता दुरुस्तीवाल्याकडे न्या.

तोवर काम थांबवू नका. डावी कंट्रोल गेली असेल तर कॅप्स लॉकला कंट्रोल बनवा : उबुंटूवर ‘ट्वीक्स’ हे ॲप टाकून कीबोर्डच्या जादा पर्यायांत, मिंटवर कीबोर्डच्या लेआउट विभागातल्या ‘ऑप्शन्स’मध्ये ही सोय मिळते. मराठीत कॅप्स लॉकचं तसंही फारसं काम नसतं.

पासवर्डमध्ये कॅपिटल अक्षर असेल आणि शिफ्ट बंद, तर लॉगिन पडद्यावरच्या ॲक्सेसिबिलिटी चिन्हातून ऑनस्क्रीन कीबोर्ड उघडा.

साधा यूएसबी कीबोर्ड हा सगळ्यात सोपा उपाय. कुणाचा जुना मिळत असेल तर आधी ओटीजीने मोबाइलला जोडून तपासा, मगच लॅपटॉपला लावा.

दुरुस्तीला गेलातच तर पायरी २ मध्ये काय दिसलं ते सांगा. ‘डाव्या शिफ्टची नोंदच येत नाही’ हे एक वाक्य माहीत असलं, की गरज नसताना लिनक्स काढून परत विंडोज टाकायचा खर्च कुणी तुमच्या गळ्यात मारू शकत नाही.