ओवीतून ग्रामकारभाराकडे

ग्रामदेवतेचे मंदिर हे गावाच्या एकोप्याचे ठिकाण होय. भजन, कीर्तन, पारायण आणि गावाचा न्यायनिवाडा या गोष्टी आपल्याकडे पूर्वापार एकाच पारावर होत आल्या. म्हणूनच मंदिराच्या जीर्णोद्धारप्रसंगी, भजन व ओवी यांच्या बळावर गावोगावच्या कारभाराला वळण लावणाऱ्या एका थोर विभूतीचे स्मरण करणे उचित ठरेल. ती विभूती म्हणजे वंदनीय राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या खेड्यात एका गरीब कुटुंबात झाला. मूळ नाव माणिक. शालेय शिक्षण बेताचेच झाले. परंतु वरखेडचे आडकोजी महाराज यांच्या कृपाछत्राखाली त्यांना भजनाची गोडी लागली. हाती खंजिरी घेऊन ते खेडोपाडी हिंडले. १९३५ साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. त्यांच्या भजनांत ईश्वरभक्तीबरोबर व्यसनमुक्ती, अस्पृश्यतानिवारण आणि देशप्रेम यांचाही पुकारा असे. खेड्यातील माणसाला ती भजने कळत, कारण ती त्याच्याच बोलीतील व त्याच्याच घरच्या दुःखाची होती.

या भजनांचे सामर्थ्य १९४२ साली दिसून आले. 'चले जाव' आंदोलनात १६ ऑगस्ट रोजी, ऐन नागपंचमीच्या दिवशी, चांदा जिल्ह्यातील चिमूर व वर्धा जिल्ह्यातील आष्टी ही गावे पेटून उठली. चिमूर येथे बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा गोळीबारात हुतात्मा झाला. संतप्त जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. पुढे लष्कर आले व चिमूरच्या आयाबहिणींवर अनन्वित अत्याचार झाले. त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. महाराजांनाही त्याच ऑगस्टमध्ये अटक होऊन नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले; डिसेंबरमध्ये त्यांची सुटका झाली. शस्त्र म्हणून ज्याच्या हाती खंजिरी एवढीच होती, त्याचाही सरकारला धाक वाटला!

परंतु गाव पेटवणे वेगळे आणि गाव उभारणे वेगळे. दुसरे काम अधिक कठीण व सावकाश होणारे. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांनी गावोगावी सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई व श्रमदान सुरू केले. या अनुभवाचे सार म्हणजे १९५५ साली सिद्ध झालेली 'ग्रामगीता'. तिचे ४१ अध्याय व ४६७५ ओव्या आहेत. ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, ग्रामशिक्षण, महिलोन्नती, गोवंशसुधार अशी अध्यायांची नावे पाहिली तरी हा ग्रंथ कशासाठी आहे ते ध्यानी येते. गाव हे एक कुटुंब मानावे. मत देताना जात, नातेगोते व पैसा यांकडे न पाहता उमेदवाराची सेवा पाहावी. अयोग्य माणूस निवडला तर त्याचे फळ आपल्यालाच भोगावे लागते, हे महाराजांनी साध्या ओवीत सांगितले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ग्रामगीता सिद्ध झाली तेव्हा विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात होता. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ सालचा. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या १ मे १९६२ रोजी. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली आणि पंचायतीत स्त्रियांना निम्म्या जागा मिळाल्या २०११ च्या कायद्याने. म्हणजे कायदा मागाहून आला, ओवी अगोदर आली. सदस्य किती, दप्तर कसे ठेवावे, कर कोणता बसवावा हे कायदा सांगतो. पण शेजाऱ्याच्या दारचे गटार आपलेच समजावे, हे कोणत्या कलमात लिहिलेले असते? ते गावाच्या मायेतूनच यावे लागते व ती माया जागवण्याचे काम ओवी करते.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांनी गुरुकुंज येथे देह ठेवला. आज स्वच्छ ग्राम स्पर्धेला व नागपूरच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. तथापि खरे स्मारक गावातच व्हावयाचे आहे.

जीर्णोद्धाराच्या कामी कोणी रोख रक्कम देतो, कोणी धान्य, तर कोणी अंगमेहनत. वर्गणीच्या पावतीवर कोणाचा गट लिहिलेला नसतो. मात्र निवडणूक आली की हीच माणसे एकमेकांचे उंबरे ओलांडत नाहीत आणि ग्रामसभेला गणपूर्तीपुरतीही जमत नाहीत, हे चित्र अनेक गावी दिसते. कळसासाठी जी एकी होते, ती पाण्यासाठी, शाळेसाठी व रस्त्यासाठी का होऊ नये? मंदिराचा जीर्णोद्धार पार पडला. आता गावाच्या एकोप्याचा जीर्णोद्धार व्हावा, अशी सुबुद्धी सर्वांना लाभो, हीच ग्रामदेवतेच्या चरणी नम्र प्रार्थना!