कुशीवर निजविलेला टेलिव्हिजन

टेलिव्हिजनचा जड संच दोघांनीं मिळून उचलावा, खालीं कांहीं मऊ पसरावें आणि तो हलक्या हातानें कुशीवर निजवावा, असला प्रकार १९९० नंतरच्या दशकांत जपानांतील कित्येक खेळाडूंच्या खोल्यांतून घडला. पाहणारास हा शुद्ध वेडगळपणा वाटावा. बातम्या सांगणारा मनुष्य त्या पडद्यावर आडवा व्हावयाचा, आणि घरांत एकच संच असेल तर इतर मंडळींना मान वांकडी करून बसण्यावांचून गति नाहीं. परंतु ज्याच्याकरितां हा खटाटोप चाले, तें चित्र मात्र याच अवस्थेंत सरळ दिसे.

याचें मूळ घरांत नसून आर्केडमध्यें, म्हणजे नाणें टाकून खेळावयाच्या यंत्रांच्या दुकानांत आहे. १९७८ सालीं टाइटो या जपानी कंपनीनें ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ बाजारांत आणिला. त्याचा कर्ता तोमोहिरो निशिकादो. आकाशांतून शत्रूंच्या रांगा पायरीपायरीनें खालीं उतरतात; तळाशीं खेळाडूची एकच तोफ डावीउजवीकडे सरकते; रांगा भूमीस टेकण्यापूर्वीं त्यांचा निःपात करावयाचा. हल्ला वरून यावयाचा, म्हणजे पडद्यास उंची हवी. त्याकरितां कोणी नवी चित्रनळी घडविली नाहीं. घरोघरीं असते तशीच, चार भाग रुंद व तीन भाग उंच अशा प्रमाणाची नळी घेऊन ती पेटींत नव्वद अंशांनीं वळवून बसविली. तेव्हां टेलिव्हिजन कुशीवर निजविण्याची कल्पना घरच्या खेळाडूंची नव्हेच. कारखान्यानें ती आधींच अमलांत आणिली होती. पुढें नामको कंपनीचे ‘गॅलॅक्सियन’ (१९७९) व ‘गॅलॅगा’ (१९८१), कॅपकॉमचा ‘१९४२’ (१९८४) यांनीं हीच वहिवाट चालविली. जपानी भाषेंत उभ्या दिशेस ‘ताते’ म्हणतात; उभ्या ओळींत लिहिण्याची जी त्या लोकांची जुनी पद्धति, तिच्या नांवांतही हाच शब्द आहे. पडदा उभा करण्याच्या या रीतीस पुढें इतर देशांतील खेळाडूही ‘ताते’ असेंच म्हणूं लागले.

नेमबाजीच्या खेळांत उंची म्हणजे केवळ शोभा नव्हे. उंची म्हणजे अवधि. शत्रूची गोळी माथ्यावरून निघून तळाशीं पोंचेपर्यंत जो काळ जातो, तेवढ्यांतच बचावाचा विचार व्हावयाचा. नामकोच्या ‘झेव्हियस’मध्यें, ज्याची रचना मासानोबु एंदो यानें केली व जो १९८२-८३ च्या हिवाळ्यांत दुकानांत आला, ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. त्यांत खेळाडूचें विमान अरण्यें, नद्या आणि पेरू देशांतील नाझ्का येथल्या भूचित्रांसारखा एक प्रचंड पक्षी यांवरून उडत जातें. विमानाच्या पुढें ठराविक अंतरावर नेमाची एक खूण असते, आणि जमिनीवरील लक्ष्य तिच्याखालीं आलें कीं बाँब टाकावयाचा. पुढचा मुलूख आधींच दिसला तरच हें साधावयाचें. या खेळाचें चित्र २२४ बिंदू रुंद व २८८ बिंदू उंच होतें.

१९८३ सालीं निंतेंदोचें फॅमिकॉम हें घरगुती यंत्र निघालें व पुढच्याच वर्षीं ‘झेव्हियस’ त्यावर आला. घरच्या आडव्या पडद्यावर फार तर २४० बिंदूंची उंची मिळावयाची. खेळ ओळखीचा होता. मैदान मात्र आंखूड झालें होतें. अशा वेळीं रचनाकारापुढें दोनतीनच वाटा असत. मैदान कापावें, किंवा चित्र विमानाच्या मागोमाग वरखालीं सरकवावें, किंवा सबंध उभें चित्र लहान करून मधोमध ठेवावें व दोहों बाजूंस काळे पट्टे सोडावेत. या शेवटल्या वाटेनें गेल्यास पडद्याचा जेमतेम ५६ टक्के भाग कामास येतो. एकही वाट धड समाधानाची नव्हती.

१९९४ च्या अखेरीस सेगाचें सॅटर्न व सोनीचें प्लेस्टेशन हीं यंत्रें जपानांत विक्रीस आलीं, आणि चौथी वाट रूढ झाली. १९९५ सालच्या सॅटर्नवरील ‘लेअर सेक्शन’ व प्लेस्टेशनवरील ‘रायडेन प्रोजेक्ट’ यांत एक निराळाच पर्याय दिलेला होता: चित्र आडवें पाठविलें जाईल, संच मालकानें वळवून घ्यावा.

याच सुमारास या खेळांचें स्वरूपही पालटलें. तोआप्लान ही कंपनी १९९४ सालीं बंद पडली व तींतील कांहीं मंडळींनीं केव्ह कंपनी काढिली. तिचे ‘दोनपाची’ (१९९५) व ‘दोदोनपाची’ (१९९७) हे खेळ गोळ्यांच्या अक्षरशः पडद्यांनीं भरलेले आहेत. जपानी लोक त्या प्रकारास ‘दानमाकु’, म्हणजे गोळ्यांचा पडदा, असेंच म्हणतात. दोन गोळ्यांमधील चारसहा बिंदूंच्या फटींतून विमान काढावयाचें. मूळ चित्र २४० बिंदू रुंद व ३२० बिंदू उंच. तें २४० ओळींत दाबलें म्हणजे चार ओळींतील एक गेलीच, आणि जेथें बिंदूबिंदूवर जीव टांगलेला तेथें फटीच अस्पष्ट झाल्या. संच वळविला कीं प्रत्येक बिंदू आपल्या जागीं येई. इतकेंच नव्हे, तर विद्युत्कणांचा झोत पडद्यावर ज्या बारीक आडव्या रेघा ओढतो, त्या आर्केडमधल्याप्रमाणेंच पावसाच्या धारांसारख्या उभ्या दिसत.

परंतु आर्केडची नळी उघड्या चौकटींत बसविलेली, दोन्ही रीतींनीं राहण्यासाठींच केलेली. सेगाच्या ‘ॲस्ट्रो सिटी’ (१९९३) या पेटींत दुकानदार ती हवी तशी वळवून घेई. घरचा संच तसा नव्हता. मोठ्या संचाचें वजन तीसचाळीस किलोंच्या घरांत. बाजू गोलसर, त्यामुळें कलंडण्याचें भय. उष्णता बाहेर पडण्याच्या फटी पाठीशीं व माथ्याकडे. कुशीवर निजविल्यास त्यांतील कांहीं जमिनीशीं बुजावयाच्या. यांत आगीचा धोका होता, हें उत्साहाच्या भरांत पुष्कळांच्या ध्यानांत येत नसे.

रंगांची तक्रार निराळी. तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांसाठीं निघालेले तीन झोत नळीच्या मुखाआडच्या सच्छिद्र धातुपत्र्यांतून आपआपल्या ठिपक्यांवरच पडावे लागतात. पृथ्वीचें चुंबकत्व त्यांना किंचित् ढकलीत असतें. संचाची बैठक बदलली कीं त्या ढकलण्याचा रोखही बदले, आणि कोपऱ्यांत जांभळट किंवा हिरवट डाग उमटत. पुष्कळ संचांत नळीभोंवतीं तारेचें एक वेटोळें असे. संच सुरू होतांना त्यांतून क्षणभर प्रवाह जाऊन पत्र्यांतील जुनें चुंबकत्व पुसलें जाई. मात्र तें थंड संचांतच नीट काम करी. म्हणून जाणता खेळाडू संच आधीं बंद करी, मग वळवी, निवूं देई आणि नंतरच पुन्हां लावी. उतावळा मनुष्य जांभळ्या आकाशांत खेळे.

पुढें पडदे सपाट व हलके झाले, पण रुंदही झाले. सोळास नऊ या प्रमाणाच्या पडद्यावर मधोमध ठेविलेलें उभें चित्र अवघी ४२ टक्के जागा व्यापतें, त्यामुळें वळविण्याची गरज उलट वाढली. ‘इकारुगा’ (२००१) हा ट्रेझर कंपनीचा खेळ घरगुती यंत्रांवर आला तोही वळविलेल्या पडद्याची सोय घेऊनच. २०१० सालीं केव्हचा ‘एस्पगालुदा २’ आयफोनवर निघाला. तेथें पडदा जात्याच उभा, पण खेळाडूचें बोट त्याच पडद्यावर. निंतेंदोचें ‘स्विच’ हें हातांत धरावयाचें यंत्र २०१७ सालीं आलें आणि त्याचा पडदा पुन्हां आडवाच होता. त्यासाठीं पुढच्याच वर्षीं ‘फ्लिप ग्रिप’ नांवाची एक चौकट विक्रीस निघाली. तिच्यांत वीज नाहीं, तार नाहीं. पडदा उभा बसतो आणि दोहों बाजूंस मुठी राहतात, एवढेंच.