न बोलणारा ‘के’

पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा आम्ही स्पेलिंगं पाढ्यांसारखी घोकायचो. ‘के एन आय एफ ई, नाइफ, नाइफ म्हणजे सुरी.’ सगळ्या वर्गाचा एकच सूर लागायचा. पण लिहायची वेळ आली की निम्म्या मुलांच्या पाटीवरून तो पहिला ‘के’ हमखास गळालेला असे. ऐकूच येत नाही ते अक्षर लक्षात तरी कसं राहायचं? का लिहायचा म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं: तो सायलेंट असतो. तो जन्मापासून मुका नव्हता, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. शतकानुशतकं हा ‘के’ खणखणीत ऐकू येत होता. त्याची वाचा कशी गेली हे शोधायला निघालं, की इंग्रजी भाषेचं अख्खं कुळ समोर उभं राहतं.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सत्ता ब्रिटनमधून निघून गेली. त्यानंतर आजच्या डेन्मार्क आणि उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरून अँगल, सॅक्सन आणि ज्यूट टोळ्या तिथे येऊन वसल्या. अँगलांच्या नावावरून देश इंग्लंड झाला आणि भाषा इंग्लिश. ही मंडळी रून नावाची टोकदार अक्षरं लाकडावर, दगडावर कोरत. इ.स. ५९७ मध्ये ऑगस्टीन हा धर्मप्रसारक रोमहून केंटला पोहोचला. ख्रिस्ती धर्माबरोबर रोमन लिपी आली आणि मठांमधले लेखक ती इंग्रजीच्या अंगावर बेतू लागले. ती नीट बसेना. इंग्रजीतल्या ‘थ’साठी लॅटिनकडे सोयीचं अक्षर नव्हतं. मग त्यांनी रूनमधलं ‘थॉर्न’ उचललं. थॉर्न म्हणजे काटा. ‘डब्ल्यू’चा आज जो उच्चार आहे, त्यासाठी ‘विन’ हे अक्षरही तिथूनच घेतलं.

या लेखकांचं धोरण साधं होतं. कानाला ऐकू येईल ते लिहायचं. तेव्हा ‘क्निख्ट’ असा एक शब्द होता. त्यातला ‘ख’ टाळूपाशी घासत निघायचा. शब्द लिहिला जायचा सी, एन, आय, एच, टी अशा पाच अक्षरांत आणि पाचही अक्षरं बोलायची. अर्थ होता पोऱ्या, हाताखालचा गडी. पुढे सरदाराच्या पदरचा घोडेस्वार तो क्निख्ट झाला आणि शेवटी राजाने द्यायचा किताब झाला. आजचा ‘नाइट’ तो हाच. जर्मनीत राहिलेला त्याचा भाऊ ‘क्नेख्ट’ अजून चाकरच आहे आणि त्याचा ‘क’ अजून ऐकू येतो.

७९३ मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर व्हायकिंगांची धाड पडली. लुटायला आलेले हे लोक पुढे इंग्लंडच्या उत्तरेत आणि पूर्वेत घरं बांधून राहिले. स्काय, विंडो, एग हे शब्द त्यांचे. आमचा ‘नाइफ’ही त्यांचाच, मूळचा ‘क्नीफ्र’. इतकंच काय, ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही सर्वनामंही त्यांच्याकडून आली. वस्तूंची नावं बाजारातही उचलली जातात. सर्वनामं दुसऱ्या भाषेतून यायची तर शेजार लागतो, सोयरीक लागते.

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्जची लढाई जिंकली आणि राजदरबारात फ्रेंच बसली. फ्रेंच वळणात तयार झालेले लेखनिक इंग्रजी ऐकून आपल्या रीतीने लिहू लागले. ‘क्वीन’ पूर्वी ‘सीडब्ल्यू’ने लिहिली जायची, तिला त्यांनी ‘क्यूयू’ दिलं. घासणाऱ्या ‘ख’साठी ‘जीएच’ आलं. ‘क्निख्ट’ला आजचं स्पेलिंग मिळालं ते या काळात. के, एन, आय, जीएच, टी. पोशाख बदलला, उच्चार तोच राहिला.

याच लेखणीची एक खूण आपण रोज लिहितो. त्या काळच्या जाड, उभ्या वळणात यू, एन, एम, व्ही ही अक्षरं म्हणजे नुसत्या एकसारख्या उभ्या रेघा असत. मुलगा या अर्थाच्या ‘सन’मध्ये यू आणि एन शेजारी आले, की चार काठ्या ओळीने उभ्या. कोणत्या दोन काठ्यांचं कोणतं अक्षर, हे कळणं अवघड. म्हणून लेखनिकांनी ‘यू’च्या जागी गोल ‘ओ’ घातला, असं अभ्यासक सांगतात. सन, लव्ह, कम या शब्दांत उच्चार ‘अ’चा आणि अक्षर ‘ओ’चं, त्याचं कारण हे.

मग छापखाना आला. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना घातला. ‘घोस्ट’मधला ‘एच’ याच छापखान्यातून आला. कॅक्स्टनची बरीच वर्षं ब्रूजमध्ये गेली होती आणि फ्लेमिश भाषेत हा शब्द ‘एच’ घालून लिहीत. छापायची कोणती इंग्रजी, हा त्याच्यापुढचा मोठाच पेच होता. १४९०च्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने एक प्रसंग सांगितला आहे. काही व्यापारी थेम्समधून गलबताने निघाले होते. वारा पडला म्हणून ते किनाऱ्याला उतरले आणि एका घरी खायला मागू लागले. एकाने अंडी मागितली, ती ‘एगीज’ म्हणून. घरातली बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. फ्रेंच त्यालाही येत नव्हती, त्यामुळे तो चिडला. शेवटी दुसऱ्याने ‘आयरन’ हा शब्द वापरला तेव्हा तिला उमगलं. ‘एग’ हा व्हायकिंगांचा उत्तरेकडचा शब्द, ‘आयरन’ दक्षिणेतला जुना. दोन्ही इंग्रजीच. कॅक्स्टनचा प्रश्न होता, यातलं काय छापावं? सगळ्यांना पटेल असं उत्तर नव्हतंच. पण खिळे जुळवायचे तर काहीतरी एक ठरवावं लागतं. असं ठरवत ठरवत पुढच्या दोनेकशे वर्षांत स्पेलिंगं घट्ट झाली.

नेमकी त्याच काळात तोंडं बदलत होती. सुमारे १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर एकामागून एक जागा सोडत गेले. ‘नेम’ पूर्वी ‘नामे’ होता, ‘टाइम’ ‘टीमे’ होता, ‘हाउस’ ‘हूस’ होता. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषापंडिताने या उलथापालथीला महास्वरांतर अशा अर्थाचं नाव दिलं. व्यंजनंही झिजली. ‘जीएच’चा ‘ख’ काही शब्दांत विरून गेला, तर लाफ, कफ, इनफ यांत त्याचा ‘फ’ झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ‘एन’च्या आधीच्या ‘के’ची वाचा जवळपास गेली होती. ‘क’ म्हणायला जीभ मागे उचलावी लागते, ‘न’ म्हणायला पुढे टेकवावी लागते. शब्दाच्या तोंडाशीच ही कसरत जड जाते. आपल्याकडे ‘स्टेशन’चं ‘ठेसन’ झालं ते अशाच कारणाने. इंग्रजांच्या जिभेने ‘के’ सोडला तोवर छापील पानावर तो पक्का बसलेला होता.

मुकी अक्षरं सगळी या एका घराण्यातली नाहीत, हेही सांगायला हवं. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातला ‘बी’ इंग्रजांनी कधीच उच्चारला नव्हता. शब्द फ्रेंचमधून ‘बी’शिवाय आला. पुढे लॅटिनचा अभिमान वाढला, तेव्हा ‘डेबिटुम’ या पूर्वजाची आठवण म्हणून पंडितांनी तो ‘बी’ आणून बसवला. ‘आयलंड’मधला ‘एस’ तर चुकीने दत्तक घेतलेला आहे. हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. पण त्याच अर्थाच्या, लॅटिन ‘इन्सुला’पासून आलेल्या ‘आइल’शी त्याचं नातं जोडलं गेलं आणि त्याचा ‘एस’ याच्या पदरात पडला.

ही अडगळ काढायचे प्रयत्न झाले. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १८२८च्या कोशात ‘कलर’मधला ‘यू’ वगळला आणि तो वगळलेलाच राहिला. १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छपाईत तीनशे शब्दांची सुटसुटीत स्पेलिंगं वापरायचा हुकूम काढला. काँग्रेसने विरोध केला आणि त्याच वर्षी तो मागे पडला. ‘के’ जागच्या जागी राहिला.

तो राहिला याचा मला आता आनंद वाटतो, कारण त्याची भावकी आपल्या घरात आहे. १७८६ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं असं मांडलं. पुढच्या पंडितांनी हे नातं अक्षराअक्षराने तपासलं आणि इंग्रजीही याच गोतातली ठरली. रात्र या अर्थाचा ‘नाइट’ घ्या. त्यातलं मुकं ‘जीएच’ ज्या जागी आहे, त्या जागी संस्कृत ‘नक्तम्’मध्ये ‘क’ आहे. दिवसभर उपास करून रात्री जेवायच्या व्रताला आपण नक्तच म्हणतो. ‘एट’मधलं ‘जीएच’ ‘अष्ट’मधल्या ‘ष’च्या जागी आहे. आपणही तो ‘ष’ सोडला आणि ‘आठ’ म्हणू लागलो. फरक एवढाच की आपण सोडला तो लिहिण्यातूनही सोडला.

नेहमी मात्र नाही. जाणणे या अर्थाच्या इंग्रजी ‘नो’च्या तोंडाशी मुका ‘के’ आहे. त्याचं संस्कृत भावंड ‘ज्ञा’. आदिभाषेतला जो मूळ वर्ण होता, त्याचा तिकडे ‘क’ झाला, इकडे ‘ज’ झाला. गुडघा या अर्थाच्या ‘नी’चा ‘के’ आणि आजानुबाहूतल्या ‘जानु’चा ‘ज’ हेही असेच सख्खे. ‘ज्ञ’ म्हणजे ज् अधिक ञ. पण आपण मराठी माणसं म्हणतो ‘द्न्य’, हिंदीवाले म्हणतात ‘ग्य’. तो ‘ज’ आपल्याही तोंडून कधीचाच गेला. अक्षरात तेवढा उरला.

म्हणून घरातलं मूल ‘नो’ लिहिताना ‘के’ विसरलं, तर त्याला नुसतं सायलेंट म्हणून सांगू नये. त्याच वहीत शेजारी ‘ज्ञान’ लिहावं, त्याला मोठ्याने वाचायला लावावं आणि विचारावं, यातला ‘ज’ तुला ऐकू आला का?