पाटीतलं रान

उन्हाळ्यात पुण्याच्या मंडईत गेलं, की करवंदं-जांभळं घेऊन बसलेल्या बाया दिसतात. करवंदाची जाळी कुणी पेरलेली नसते, पण कुणीतरी ती राखलेली असते. म्हणून तर पाटी भरते. रान राखायचं कुणी आणि त्यावर हक्क कुणाचा, हे आज आपण बोलू.

मंडईची दगडी इमारत १८८६ साली झाली. त्याआधी बाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. जोतीराव फुले तेव्हा नगरपालिकेचे सदस्य होते. त्यांनी या इमारतीच्या खर्चाला विरोध केला. एवढा पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्याच मंडईला त्यांचंच नाव दिलं गेलं.

फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात जंगलाचीही गोष्ट आहे. शेतात भागलं नाही तर शेतकरी रानातली उंबरं-जांभळं खायचा, पळसाची पानं नि लाकूडफाटा विकून चार पैसे जोडायचा. सरकारनं जंगल खातं काढलं, डोंगर-दऱ्या आणि गायरानं त्यात घातली आणि गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना चरायला जागा उरली नाही, असं त्यांनी लिहिलं. १८७८ साली इंग्रजांनी जंगल कायदा केला होता. ज्या रानाची राखण गाव करत होतं, त्यातूनच मोळी आणली तर गुन्हा झाला.

गाव राखण करत होतं, याचा पुरावा देवराई. देवाच्या नावानं सोडलेलं रान. तिथं कुऱ्हाड लावायची नाही. काही ठिकाणी तर पडलेली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. १९७०च्या दशकात पुण्याच्या वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या अभ्यासकांनी सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून पाहिल्या. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले, तरी देवराईत जुनी झाडं, वेली आणि पाण्याचे झरे टिकून होते. या राखणीला कुणी पगार दिला नव्हता.

हक्कासाठी लोक झगडलेही. १९३० साली ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. रायगडातल्या चिरनेरला २५ सप्टेंबरला गोळीबार झाला, त्यात माणसं गेली.

मग गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड आदिवासींच्या गावानं वाट दाखवली. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ असं हे गाव म्हणतं. निर्णय ग्रामसभेत, सगळ्यांच्या संमतीनं होतात, आणि सभेला बायाही बसतात. पाळीपाळीनं गस्त घालून गावानं जंगल सांभाळलं. २००६ साली वनहक्क कायदा झाला, आणि २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११च्या एप्रिलमध्ये गावाला स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार मिळाला. राखण आधीपासून होतीच. हक्क मिळाल्यावर त्याच राखणीतून गावात पैसा आला.

मैत्रिणींनो, आम्हाला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. वणवा विझवायला, रोपांना पाणी घालायला, चराई थांबवायला बायांना बोलावतात. आपण जातोही, आनंदानं जातो. पण रानाचा निर्णय घ्यायची वेळ आली, की आपण दाराबाहेर. हक्काशिवाय राखण म्हणजे फुकटची मजुरी होते. आणि राखणीशिवाय हक्क घेतला, तर दोन पावसाळ्यांत डोंगर बोडका होतो. दोन्ही हातात हात घालून चालले, तरच रान टिकतं.

हा कायदा आपल्याला जागा देतो. वनहक्क समितीत दहा ते पंधरा जण असतात, त्यातल्या निदान एक तृतीयांश बाया हव्यात. तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं विचारा: आपल्या गावात ही समिती आहे का? तिच्यात बाया किती? त्या सभेला बसतात, की घरी आलेल्या कागदावर नुसता अंगठा देतात? आणि गावातल्या म्हाताऱ्या आजीला विचारा, पूर्वी रानाचे नियम काय होते. ते वहीत लिहून ठेवा.

मंडईतल्या त्या बाईची पाटी पुढच्या उन्हाळ्यातही भरायला हवी. तिची जाळी कुठल्या तरी डोंगरावर आहे, आणि तिथं राखण करणारी आपल्यासारखीच एक बाई आहे.