गणतीकडून विचारपुशीकडे

सिमाँव बोतेल्यु या पोर्तुगीज महसूल-अधिकाऱ्याने 1554 साली जो तोम्बु, म्हणजे उत्पन्नाचे सरकारी दफ्तर, सिद्ध केला, त्यात वसई प्रांतातील परगण्यांचा आणि गावांचा आकार नोंदलेला आहे. परंतु ज्या हातांनी ती भातखाचरे लावली त्यांच्या घरी संध्याकाळी चूल पेटत होती की नाही, हा प्रश्न त्या दफ्तराला पडलेला नाही. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला सर केला, अंमल बदलला, दफ्तरात मोडी आली, तरी सारा, वसूल आणि बाकी हीच दफ्तराची भाषा राहिली. आणि 1882 च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात जाती, पिके व बंदरे यांचे विपुल वर्णन आले, तरी तेही प्राधान्याने राज्यकर्त्यांच्या सोयीसाठीच होते.

याउलट, समतेच्या दृष्टीने धोरण आणि आरोग्य यांची चिकित्सा करून सरकारला सल्ला देणे, हा व्यवसाय आज नवा भासतो. पण या मुलखात त्याची पायवाट जुनी आहे. 1937 साली मुंबई सरकारने डी. सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे इलाख्यातील आदिवासींच्या स्थितीची चौकशी सोपवली. 1939 च्या त्यांच्या अहवालात सावकारी, वेठ आणि दारू यांच्याबरोबर ‘लग्नगडी’ही आला: लग्नापुरते कर्ज काढून त्यापायी धन्याच्या घरी वर्षानुवर्षे राबणारा, आणि बायकोलाही राबायला लावणे ज्याला भाग पडे असा तरुण. दारिद्र्य हा स्वभावदोष नसून व्यवहाराने लादलेली अवस्था आहे, हे त्या उदाहरणाने सरकारदरबारी उघड झाले. पुढे 1945 च्या सुमारास गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीविरुद्ध स्वतःच आवाज उठवला.

1945 मध्येच बोर्डीला ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचे काम आरंभले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसह ते वाढवले. मुले शाळेत येत नाहीत अशी तक्रार करण्याऐवजी त्यांनी कारण शोधले: धाकटी अंगणात रांगतात, थोरली गुरांमागे जातात. म्हणून शाळाच अंगणात गेली, ती अंगणवाडी. कुरणावर गेली, ती कुरणशाळा. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला.

गणतीचा जुना प्रश्न मात्र उरलाच. 2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि 53 गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 12 लाखांवर गेली. एवढ्या मोठ्या संख्येची सरासरी काढली की तुंगारेश्वराच्या पायथ्याचे पाडे तिच्यात विरून जातात. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याहून वसईकडे वीटभट्टीवर आलेल्या गरोदर बाईचे नाव तिच्या गावच्या आरोग्य-तपासणीच्या यादीत असते, आणि तपासणीच्या दिवशी तिच्या घराला कडी असते. इकडे भट्टीवर ती प्रत्यक्ष समोर असते, पण यादीत नसते. दोन्ही नोंदी आपापल्या जागी बिनचूक, आणि बाई मात्र दोन्हींच्या मधे.

म्हणून धोरणाचा सल्ला देणाऱ्याने कचेरीतला तक्ता पाहण्यापूर्वी त्या भट्टीवर जावे, आणि ज्याची गणती करायची त्याची आधी विचारपूस करावी.